सुताला कपाळ नसतं

माझे केस पांढरे झाले, त्यात माझा काहीही हात नव्हता. तरी गेली काही वर्षं मी त्याचा जाब देत आले आहे, आणि तोही अशा लोकांना, ज्यांना मी त्यांच्या टकलाबद्दल, पोटाबद्दल किंवा घोरण्याबद्दल कधी चकार शब्द विचारलेला नाही.

पस्तिशीत सुरुवात झाली. आधी कानामागे, मग कपाळावर, मग भांगात. पवनीला आमचं साड्यांचं दुकान आहे. मागच्या खोलीत अजून दोन माग चालतात, पुढे मी गादीवर बसते. मी बसलेली आणि गिऱ्हाईक उभं, त्यामुळे येणाऱ्या प्रत्येक बाईला आधी माझा भांग दिसतो आणि मग साडी. "काय जी, तब्येत बरी नाही काय?" असं विचारत विचारत त्या पदर चाचपतात. तब्येत ठणठणीत आहे असं सांगितलं, की त्यांचा चेहरा उतरतो. आजार असता तर निदान कारण तरी मिळालं असतं.

मीही काही साधुसंत नव्हते. बरीच वर्षं डाय लावला. महिन्याच्या एका रविवारी जुनी साडी नेसायची, खांद्यावर फाटका टॉवेल टाकायचा आणि न्हाणीघरात आरशासमोर मान वाकडी करून उभं राहायचं. मग एका रविवारी टाळू अशी पेटली की सांगता सोय नाही. दुसऱ्या दिवशी डोळ्यांच्या पापण्या सुजून मिटल्या. भंडाऱ्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, पुन्हा हे डोक्याला लावाल तर दवाखान्यातच राहायला याल. खरं सांगते, मला आनंद झाला. डॉक्टरांनीच नको म्हटलं म्हणजे विषय संपला, असं मी समजले. आमच्या घरात डॉक्टरांचं ऐकतात, पण फक्त मिठाच्या बाबतीत.

आमचे हे स्वतः दर रविवारी मिशी रंगवतात. डोक्यावर रंगवण्यासारखं फारसं उरलेलं नाही, म्हणून सगळी हौस मिशीवर. दात घासायचा जुना ब्रश त्यांनी त्या कामाला ठेवला आहे, आणि एकदा चुकून मी त्याने दागिने घासले, तेव्हा तीन दिवस माझ्या मंगळसूत्राच्या वाट्या काळ्या होत्या. हेच गृहस्थ एकदा जेवताना मला म्हणाले, "काल एक जन विचारत होता, दुकानात तुमची माय बसते काय म्हनून." मी ताटावरून उठले नाही, पण त्यांना दुसऱ्यांदा भात वाढला नाही.

एवढं सगळं चाललं असतं. लोकांची तोंडं आणि माझं डोकं, दोन्ही आपापल्या जागी राहिली असती. पण मुलीचं लग्न निघालं.

आमची एकुलती एक लेक लाखनीला बँकेत आहे. तिथे खोली करून राहते, शनिवारी बसने घरी येते. त्याच शाखेत सिहोऱ्याचा एक मुलगा. दोघांचं जमलं. समाज एकच निघाला, त्यामुळे रडारड झाली नाही. त्यांचे माग त्याच्या आजोबांच्या वेळीच बंद पडले, आता धानाची शेती आणि धानाचाच व्यापार. मुलगा सरळ आहे, बोलताना समोरच्याच्या डोळ्यांत पाहतो. मला तो पाहताक्षणी आवडला. सगळं ठरलेलं होतं, तरी त्याच्या घरचे रीतसर मुलगी पाहायला येणार होते. कोणालाच काही ठाऊक नाही असा चेहरा करून सगळ्यांनी पोहे खायचे आणि मग पसंती कळवायची, अशी ती पद्धत. ताकाला जायचं आणि भांडं लपवायचं, तेही सगळ्या गावाने मिळून.

पहिला फोन नागपूरहून माझ्या नणंदेचा आला. "वहिनी, पोरीचं सगळं चांगलं आहे. पन तुमचे केस पाहून ते काय म्हनतील? मायचे असे तं पोरीचेही होतील, असंच म्हनन न कोनी बी."

मी म्हटलं, म्हणू देत. डॉक्टरांनी नाही म्हटलंय.

"डॉक्टरच्या पोरीचं लग्न आहे काय?" नणंदबाई म्हणाल्या.

त्यांचं मी मनावर घेतलं नसतं. त्या माझ्या लग्नानंतर वर्षभराने नागपूरला सासरी गेल्या आणि तिथूनच आमचं घर चालवतात. पण शनिवारी लेक आली. पिशवी खाली ठेवली, पाणी प्यायली आणि फरशीकडे पाहत म्हणाली, "आई, एवढ्या वेळ लावून घे न."

मला ते लागलं. या पोरीने लहानपणापासून हट्ट म्हणून केला नाही. दिवाळीला दुकानातली न खपलेली कापडं शिवून दिली तरी घातली. तिला हाच मुलगा हवा होता, हे तिच्या तोंडावर लिहिलेलं होतं. आणि माझ्या डोक्यामुळे हे मोडलं असतं, तर ती मला काही बोलली नसती. बोलली नसती, हेच मला झेपलं नसतं.

मी म्हटलं, "बाई, माझे डोळे सुजतात."

"मंग दुसरं काही पाहा," ती म्हणाली. तिचा आवाज थोडा कापला. मला वाटलं, लग्नाची धाकधूक असेल.

दुसरं काही म्हणजे मेंदी. मेंदीने पांढऱ्या केसांचा शेंदूर होतो. "मारुतीच्या देवळात बसवा लागन तुले," यांनी सांगून टाकलं. काळी मिशी फेंदारून सांगितलं.

आणि मग आतल्या खोलीतून सासूबाई बोलल्या. "मी करून देतो."

सासूबाईंचं माहेर आंधळगावचं. कोशाचं, म्हणजे टसर रेशमाचं, काम आणि सूत रंगवणारं घर. हातपाय चालत होते तोवर आमच्याकडचा काळा काठ त्यांनीच रंगवला. त्यांच्या मते दुनियेत दोनच प्रकारचे रंग आहेत, त्यांच्या बापाचा आणि उतरणारा. "हिरड्याचं पानी, आन गुळात सडवलेल्या खिळ्याचं पानी," त्या बोटावर मोजू लागल्या. "यात कोनतं केमिकल आहे? सूत फाटन, पन काळा नाही जानार. केस काय न सूत काय, दोन्ही तंतूच."

या शेवटच्या वाक्याला सगळ्यांनी मान डोलावली. मीही. तीस वर्षं मागाच्या घरात काढलेली बाई मी, मला त्यात काही खोट दिसली नाही. दुसऱ्या कुठल्या घरात हा प्रकार सुचला नसता आणि सुचला तरी कोणी ऐकला नसता. आमच्या घरात मात्र रंगाच्या बाबतीत सासूबाईंचा शब्द शेवटचा. मडक्यात गंजके खिळे आणि गूळ घालून त्यांनी ते पाणी सडत ठेवलं. आठवडाभर त्याचा वास स्वयंपाकघरापर्यंत येत होता.

पाहुणे रविवारी यायचे होते. शनिवारी सकाळी अंगणात मला पाटावर बसवलं, मान मागे टाकायला लावली आणि खाली घमेलं ठेवलं. सासूबाईंनी माझ्या केसांची सुताच्या लडीसारखी गुंडाळी केली, हिरड्याच्या पाण्यात बुडवली, पिळली, झटकली. लडी पिळतात तशीच पिळली. माझ्या डोळ्यांतून पाणी आलं.

"हालू नको," त्या म्हणाल्या. "सूत हालते काय?"

मग उन्हात वाळवणं. मे महिन्याचं ऊन, मी पाटावर, शेजारीण भिंतीवरून पाहून गेली, पुन्हा पाहून गेली, तिसऱ्यांदा सुनेला घेऊन आली. मग खिळ्यांचं पाणी. ते कपाळावरून ओघळलं, कानात गेलं, मानेवरून पाठीत उतरलं. मी सांगत होते, आई, खाली येतंय. त्या म्हणत होत्या, येऊ दे, धुतलं की जाते.

धुतलं. गेलं नाही.

केस काळे झाले नव्हते. शाळेतल्या पुसलेल्या पाटीसारखे झाले होते, कुठे करडे, कुठे निळसर, कुठे जसेच्या तसे. कपाळ मात्र पक्कं काळं. भुवयांच्या वर चार बोटं, दोन्ही कान, मानेची मागची बाजू. असा एकसारखा, दाट, न फुटलेला काळा रंग मी आमच्या काठांवरही क्वचित पाहिला असेल. सुताला कपाळ नसतं, कान नसतात, मान नसते. ही साधी गोष्ट आमच्या अख्ख्या घरात कोणाच्या लक्षात आली नाही.

सासूबाईंनी चष्मा वर करून माझ्याकडे पाहिलं. "रंग तं मस्त बसला," त्या म्हणाल्या. आणि मग जरा वेळाने, "जागा चुकली."

लिंबू चोळलं, बेसन चोळलं, दगडाने घासलं. लिंबाने केसांवरचा होता तोही रंग उतरला आणि पांढरे केस पुन्हा चमकायला लागले. कपाळावरचा तसूभर हलला नाही. हे आले, त्यांनी माझ्याकडे पाहिलं, दारापर्यंत परत गेले आणि दाराबाहेर जाऊन हसले. मला तो आवाज आला. संध्याकाळच्या बसने लेक आली. ती हसली नाही. पायरीवर बसून राहिली आणि म्हणाली, "आता उद्या कसं कराचं?"

मी त्या वेळी सगळ्यांवर चिडले होते. नणंदेवर, यांच्यावर, सासूबाईंवर, त्या न पाहिलेल्या सिहोरेकरांवर, पोरीवर आणि सगळ्यात जास्त स्वतःवर. माझं डोकं, आणि त्यावर दहा जणांनी हात धुऊन घेतले. वर तोंड काळं झालं ते माझंच.

उपाय सासूबाईंनीच काढला. पदर. डोक्यावरून पदर घ्यायचा, भुवयांपर्यंत ओढायचा, कान झाकायचे. मी डोक्यावरचा पदर सोडून वीस वर्षं झाली होती. सासूबाईंनी त्यावरून पूर्वी महाभारत केलं होतं. आता त्यांना इतका आनंद झाला, की हा सगळा घाट त्यांनी मुद्दाम घातला की काय, अशी मला शंका आली.

रविवारी पाहुणे आले. मुलगा, त्याचे आईवडील आणि त्याची आत्या. मुलाच्या आईने उंबऱ्यातच मला पाहिलं आणि तिचा चेहरा खुलला. "आजकाल कोन घेते जी डोक्यावर पदर? आमच्या तुमसर-सिहोऱ्यातल्या बायाइनं बी सोडला. घरात पाय ठेवला न, समजलं, घर कसं आहे ते."

मी नुसती मान हलवली. फार हलवता येत नव्हती, पदर सरकला असता. कूलर पाहुण्यांकडे वळवलेला. जड काठाच्या पदराखाली माझं डोकं उकडत होतं. घाम फुटला आणि कानात राहिलेल्या खिळ्यांच्या पाण्याचा एक ओघळ गालावर उतरत असल्याचं मला जाणवलं. मी तो पुसला. पदराच्या काठाला डाग पडला. आत्या ते पाहत होती. मुलाच्या आईचा जीव घरावर जडला होता, आत्याचा कशावरच जडलेला दिसत नव्हता.

पोह्यांचा ट्रे घेऊन लेक बाहेर आली. नाव काय, शिक्षण किती, हे सगळं झालं. दोघं रोज एका टेबलावर डबा खातात, पण त्याने तिचं नाव नव्यानेच ऐकल्यासारखं ऐकलं. मग आत्याने बशी खाली ठेवली.

"पोरीची वेनी सोडून दाखवा न जरा. आमच्यात पाहतात. जुनी रीत आहे."

लेकीने ट्रे एका हातात घेतला आणि दुसरा वेणीवर ठेवला. तिचा चेहरा मी आजन्म विसरणार नाही. रक्त उतरल्यासारखा पांढरा पडला होता. तिने मुलाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मुलगा "आत्या" एवढंच म्हणाला. आत्या उठून तिच्याकडे निघालीच होती.

माझं डोकं फिरलं. गेल्या कित्येक वर्षांचं, आणि विशेषतः आदल्या दिवशीचं, सगळं एकदम वर आलं. मी पदर खाली ओढला.

"केस पाहाचे आहेत न? मंग माहे पाहा. पस्तीस वर्साची होती तवा पांढरे झाले. माह्या मायचेही तसेच झाले होते. हिचेही होतील. आन हे कपाळ पाहून राहिल्या न तुमी, हे तुमच्यासाठीच काळं केलं, काल दिवसभर उन्हात बसून. आता सांगा, तुमच्या पोराले लग्न कोनाशी कराचं आहे? वेनीशी, का पोरीशी?"

कूलर घरघरत होता. हे खोकले, त्यांना दुसरं काही सुचलं नसावं. शेवटी आतून सासूबाईंचा आवाज आला, "पोहे थंडे होऊन राहिले." आणि सगळ्यांनी, देवाशपथ, बश्या उचलून पोहे खाल्ले. मग चहा घेतला आणि निघून गेले. जाताना मुलाची आई माझ्या कपाळाकडे पाहत नमस्कार करून गेली.

दार लागलं तशी लेक माझ्याकडे वळली. "झालं तुझं समाधान? हिचेही होतील म्हने. काहून सांगितलं? कोनी विचारलं होतं तुले?"

"तुझा अपमान होत होता म्हणून बोलले," मी म्हटलं.

"तू नाही केला काय?" ती म्हणाली. त्याच संध्याकाळी पिशवी उचलून लाखनीला निघून गेली.

त्यानंतरचे दिवस मी दुकानात काळ्या कपाळाने बसले. रंग रोज थोडा थोडा फिका होत होता आणि लेकीचा फोन येत नव्हता. चुकलं म्हणावं तर मला चुकलं असं वाटत नव्हतं. बरोबर केलं म्हणावं, तर पोरीचा तो चेहरा समोर यायचा. खरं बोलल्यावर मोकळं मोकळं वाटतं असं लोक म्हणतात. मी मात्र दोन गिऱ्हाइकांच्या मधे फोन चालू आहे ना, तेच पाहत होते. हे दर जेवणाला म्हणायचे, "थोडं दमानं घ्या लागत होतं." ज्या माणसाने स्वतः खोकण्यापलीकडे काही केलं नाही, त्याने मला दम शिकवावा, याचा मला विलक्षण संताप यायचा.

मग सिहोऱ्याहून फोन आला. मुलाची आई. "आमचा पोट्टा आयकतच नाही जी. म्हनते, केली तं हिच्याशीच करन. आन तशी पोरगी आमालेही पसंत आहे. पसंतच समजा." मी श्वास सोडला. "फक्त एक आहे," ती पुढे म्हणाली. "लग्नात तुमी केस काळे करून घ्या. तुमी तं बोलल्या मोकळ्या मनानं, ते ठीक. पन फोटो जन्मभर राह्यते. भितीवर लावा लागते. येनारे-जानारे पाहतील."

"पाहतो," मी म्हटलं. आमच्याकडे याचा अर्थ हो होतो, नाहीही होतो.

घरात भर उन्हाळ्यात दिवाळी झाली आणि लगेच माझ्या डोक्याची मोहीम पुन्हा सुरू झाली. नणंदेने नागपूरहून केसांचा टोप पाठवला. तो डब्यात मेलेल्या मांजरासारखा पडून होता. यांनी फवारणीचा रंग शोधून काढला. सासूबाई म्हणाल्या, या वेळी कपाळाला मेण लावून करू. लेक घरी आली, माझ्याशी कामापुरतं बोलू लागली. "तुले जे कराचं ते कर, आई. पन ठरव लवकर." मी काहीच ठरवत नव्हते. खरं म्हणजे करून टाकायचं असंच मनात येत होतं. एक दिवसाचा तो टोप. एवढं खरं बोलून झालं, आता किती ताणायचं?

लग्नाच्या आदल्या दिवशी हळद लागली. दुपारी तिला न्हाऊ घालायला मी न्हाणीघरात नेलं. नात्यातल्या बायका सगळ्या बाहेर गाणी म्हणत होत्या. मी तिच्या केसांतून हळद सोडवत होते, बोटांनी केस बाजूला करत होते, आणि कानामागे माझी बोटं थांबली. मुळाशी अर्धं बोट पांढरं. मी भांग पाडला. भांगातही.

तिने मान वर केली नाही.

"कधीपासून?" मी विचारलं.

"नोकरीवर लागली त्याच वर्षी. लाखनीच्या खोलीवर लावतो. तुले नाही सांगितलं. तुझं पाहून पाहून मलेच भेव वाटत होतं."

"त्याला?"

"त्याले माहीत आहे. त्याच्या घरच्याइले नाही." ती थांबली. पाणी अजून पिवळं वाहत होतं. "त्या दिवशी तू बोलली न, हिचेही होतील. मले वाटलं तुले दिसलं. दिसलं, आन तू सगळ्याइसमोर सांगून दिलं."

मी तिच्या डोक्यावर पाणी ओतत राहिले. माझं डोकं लपवा म्हणून जे माझ्यामागे लागले होते, त्यांत ही पोर का होती, ते मला आत्ता कळलं. ती माझं नव्हे, तिचं लपवत होती. आणि तिने हे एकटीने, एका भाड्याच्या खोलीत, माझ्यासारखीच मान वाकडी करून केलं होतं.

त्या संध्याकाळी मी टोपाचा डबा नणंदेच्या बॅगेत परत घालून टाकला. आज ना उद्या त्या घरात हिचे केस उघडे पडणार. मग आत्या म्हणणार, आम्हाला फसवलं. त्या वेळी मी तिथे नसेन. पण फोटो असेल. जन्मभर राहतो म्हणतात ना, मग राहू दे. भिंतीवर तिची आई पांढऱ्या डोक्याने उभी असेल, तर कोणी कोणाला फसवलं असं म्हणता येणार नाही. पोरीने त्या फोटोकडे बोट दाखवावं आणि आत्याला गप्प करावं. एवढंच माझं डोकं तिच्या कामी येणार होतं.

लग्नात मी पदर खांद्यावर ठेवून, भांग नीट पाडून, सगळ्या फोटोंत मधोमध उभी राहिले. विहीणबाईंचे ओठ प्रत्येक फोटोत घट्ट मिटलेले होते. नणंद माझ्या शेजारी उभीच राहिली नाही. लेकीला मी काही सांगितलं नव्हतं. तिने एकदा माझ्या डोक्याकडे पाहिलं आणि मान फिरवली.

आणि मग अल्बम आला.

अल्बममध्ये माझे केस काळेभोर होते. चेहराही दोन हात गोरा केलेला. यांची मिशी आणखी काळी. मी माझीच, कधी न झालेली धाकटी बहीण दिसत होते. मी तो अल्बम घेऊन तशीच फोटोवाल्याकडे गेले. त्याला बिचाऱ्याला कळेचना. "काकू, हे तं सगळ्याइचंच करतो. पॅकेजमध्येच येते. किती मस्त दिसून राहिल्या तुमी!" वर त्याने सांगितलं, की मोठी फ्रेम त्याने सिहोऱ्याला कधीच पोचती केली. मला तिथल्या खुर्चीत बसून रडू आलं. घरच्यांशी लढले, विहिणीशी लढले, खिळ्यांच्या पाण्याशी लढले, आणि शेवटी दुकानातल्या एका पोराने मला न विचारता यंत्रावर डाय लावला. मी त्याला मूळ फोटो मोठा करून द्यायला लावला. "पक्कं न, काकू?" त्याने पुन्हा पुन्हा विचारलं.

धानाची रोवणी आटोपल्यावर आम्ही दोघं सिहोऱ्याला गेलो. यांनी बसमध्ये सांगून पाहिलं, की ती फ्रेम नको नेऊ, विनाकारण कुरापत. मी ती जुन्या साडीत गुंडाळून मांडीवर घेऊन बसले होते. लेकीने तुमसरच्या शाखेत बदली घेतली होती आणि त्या दिवशी तिला सुट्टी होती. ती दारात आली. डोक्यावर पदर होता, भुवयांपर्यंत.

"पाहा," विहीणबाई कौतुकाने म्हणाल्या, "बँकेतून आली की पहिले डोक्यावर पदर. एक दिवस नाही खाली पडू दिला. तुमच्याच घरचं वळन."

समोरच्या भिंतीवर ती फ्रेम होती. गोरी, काळ्या केसांची मी, हसत. मी मांडीवरचं बोचकं सोडलं आणि दुसरी फ्रेम काढून दिवाणावर उभी केली. विहीणबाईंनी ती पाहिली, भिंतीवरची पाहिली. "आता हे काहून आनलं जी? आहे न एक," त्या म्हणाल्या. यांनी खोकायला घेतलं.

लेक स्टूल घेऊन आली. तिने भिंतीवरची फ्रेम खिळ्यावरून काढली, खाली ठेवली आणि मी आणलेली लावली. वाकडी लागली होती, ती सरळ केली. विहीणबाई त्या फोटोकडे बघत राहिल्या, मग माझ्याकडे, मग स्टुलावर उभ्या असलेल्या सुनेकडे. पाहायला आले त्या दिवशीचं माझं वाक्य त्यांना आठवलं असावं.

"हे बी अशीच होईन काय?" त्यांनी मला विचारलं.

मी तोंड उघडलं. पण लेकीने मला बोलू दिलं नाही. तिने स्टुलावरूनच पदर मागे टाकला. भांग दोन बोटं पांढरा होता.

"होईन काय, आई," ती सासूला म्हणाली. "झाली."

आणि स्टूल उचलून ती चहा ठेवायला आत गेली.